काका म्हणतात, सीमाप्रश्नाचा निकाल माझ्या सहीसाठी थांबलाय

वडगावची_लेक

जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

माझे धाकटे काका, वय पन्नाशीच्या आसपास. बेळगावच्या वडगावात त्यांचे पॉवरलूम आहेत. गणपती उठल्यापासून त्यांचं म्हणणं असं, की महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात घातलेला सीमाखटला फक्त त्यांच्या सहीसाठी अडून राहिलाय. दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री बातम्यांतून त्यांना खुणा करतात. हायवेवर केए २२ आणि एमएच ०९ पासिंगच्या गाड्या मागोमाग गेल्या की तो दिल्लीचा निरोप. १ नोव्हेंबरला सुवर्ण विधानसौधच्या (कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत) पायऱ्यांवर ते निकाल वाचून दाखवणार आहेत. त्यासाठी फेटे बांधणारा ठरवलाय आणि कुंद्याची ऑर्डर देऊन झालीय.

झोप जेमतेम दोन-अडीच तास. पहाटे तीनला उठून माग चालू करतात, शेजारी शिव्या घालतात. मुळात मितभाषी माणूस, आता मराठी, कन्नड, हिंदी सगळ्यात अखंड बोलतात. समोरच्याला एक वाक्य पुरं करू देत नाहीत. कोणी शंका काढली की तो "फितूर".

आजीचं म्हणणं, "आईचं वारं आलंय, सौंदत्तीला नेऊन आणा." चुलतभाऊ म्हणतो, कोणाला मारत नाहीत, काही नाही, असू दे की. काकू रडते. आणि परवा कळलं की येळ्ळूर रस्त्याचा प्लॉट त्यांनी निम्म्या भावात बोलून इसारही घेतलाय, "निकालानंतर पैशाला काय किंमत" म्हणून.

यांच्याशी बोलायचं कसं? आणि न्यायचं कुठे?

टिळकवाडी_कट्टा

राग मानू नका, पण ही लक्षणं असतील तर चौकाचौकातल्या फ्लेक्सवरच्या अर्ध्या भावी नगरसेवकांना न्यायला लागेल धारवाडच्या मनोरुग्णालयात. सीमाप्रश्न आपणच सोडवणार असं सांगणारे १९५६ पासून किती आले नि गेले!

हिंडलगा_रोड

@टिळकवाडी_कट्टा, फ्लेक्सवाल्याला पक्कं माहीत असतं की तो गप्पा मारतोय. मतमोजणीला डिपॉझिट गेलं की दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्स काढायला माणूस धाडतो. काकांचं तसं दिसत नाही.

रात्रपाळी

मी मानसोपचार विभागात काम करते. धाग्यावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यात मला सीमाप्रश्नापेक्षा ते दोन-अडीच तास जास्त खटकले.

आपल्याकडे अफाट सत्ता आहे, अफाट पैसा आहे, आपण अवतार आहोत, मोठा शोध लावलाय, बड्या माणसाशी गुप्त संबंध आहे, या सगळ्या समजुती एकाच जातीच्या. त्या बायपोलर आजाराच्या (कधी खोल उदासी, कधी सुसाट उधाण) मॅनियात, म्हणजे त्या उधाणात येतात, स्किझोफ्रेनियात येतात. काही जणांत बाकी सगळे व्यवहार सुरळीत चालू असतात आणि एवढा एकच भ्रम महिनोन् महिने घट्ट बसलेला असतो. या तीन ठिकाणची वाट वेगळी, औषधही वेगळं. कमी झोपूनही थकवा नाही, बोलण्याला लगाम नाही, पैसा उधळणं, चिडणं, हे सगळं आठवडाभर टिकलं की डॉक्टर मॅनियाचा विचार आधी करतात. दाखल करण्याइतकी वेळ आली असेल तर आठवडाही मोजत बसत नाहीत.

मला चार गोष्टी सांगा. पूर्वी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे उदासी, अंथरूण धरणं? दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का? थायरॉइड? दारू किंवा दुसरं काही? स्टिरॉइडनेही माणूस असा पेटतो, आणि उदासीवरच्या गोळ्या एकट्याच चालू असतील तर काहींच्या बाबतीत त्याही मॅनियाकडे ढकलतात.

आणि वाद घालू नका. हो ला हो पण करू नका.

वडगावची_लेक

स्टिरॉइड नाही, थायरॉइड माहीत नाही, पीत नाहीत. पण उदासी होती. सुताचे भाव चढले, साड्यांना गिऱ्हाईक नाही, माग बंद पडले तेव्हा ते कित्येक महिने खोलीच्या बाहेर आले नव्हते. आम्ही सगळे म्हणालो, धंद्याचं टेन्शन.

अनगोळचा_मास्तर

"वाद घालू नका" म्हणजे काय? माणूस सुशिक्षित असेल तर पुराव्याने पटायला हवं. कोर्टाची वेबसाइट उघडून दाखवा, तिथे खटल्यात काय चाललंय ते दिसतं. काकांचं नाव कुठेच नाही हे डोळ्यांनी बघू देत.

जुनी_पाने

मास्तर, हा प्रयोग होऊन गेलाय. १९५९ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटीच्या मनोरुग्णालयात मिल्टन रोकीच नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तीन रुग्ण एकत्र ठेवले. तिघांनाही आपण येशू ख्रिस्त आहोत अशी खात्री. त्याचा हिशोब असा, की एकाच जागी तीन येशू म्हटल्यावर निदान दोघांना तरी शंका येईल. दोन वर्षं एकत्र जेवण, एकत्र काम, रोजच्या बैठका. शंका कोणालाच आली नाही. बाकीचे दोघे खोटे का, याची कारणं मात्र प्रत्येकाने शोधून काढली. कोणी म्हणे ते वेडे आहेत, कोणी म्हणे त्यांच्या आत यंत्रं बसवलीत. रोकीचने खोटी पत्रं पाठवण्यापर्यंत मजल मारली. पुढे त्यानेच कबूल केलं की लोकांच्या आयुष्याशी असं खेळायचा आपल्याला अधिकार नव्हता.

तुम्ही वेबसाइट दाखवाल, काका म्हणतील नाव मुद्दाम लपवलंय. गोपनीय आहे ना!

यावरून आणखी दोन आठवतात, विषय निघालाच आहे तर. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत "मी सम्राट आहे, माझ्याकडे कोट्यवधीचं सोनं आहे" म्हणणाऱ्यांची रांग असायची. हळूहळू त्यांचे हात थरथरू लागत, जीभ अडखळे, लकवा येई आणि ते मरत. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. त्या बिचाऱ्यांचं साम्राज्य गुप्तरोगाने उभं केलेलं! १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेगने त्यांना मुद्दाम मलेरिया दिला, तापाने जंतू मारायला, आणि त्याबद्दल १९२७ चं नोबेल मिळवलं. मग पेनिसिलिन आलं आणि ते सम्राट जवळजवळ दिसेनासे झाले.

दुसरा माझा लाडका, सॅन फ्रान्सिस्कोचा जोशुआ नॉर्टन. तांदळाच्या सट्ट्यात बुडाला आणि १७ सप्टेंबर १८५९ रोजी त्याने "मी अमेरिकेचा सम्राट" असं जाहीर करून टाकलं. वर्तमानपत्राने थट्टा म्हणून छापलं. शहराने त्याला सांभाळलं. त्याच्या नावाच्या नोटा काही दुकानदार घ्यायचे. १८६७ मध्ये एका पोलिसाने वेडा म्हणून पकडलं तर पेपरांनी एवढा गदारोळ केला की पोलीसप्रमुखांनी त्याला सोडून दिलं. १८७२ मध्ये महाराजांनी फर्मान काढलं, ओकलंडपर्यंत खाडीवर पूल बांधा. पूल झाला १९३६ मध्ये. माणूस १८८० लाच गेला होता.

टिळकवाडी_कट्टा

म्हणजे फर्मान बरोबर होतं की! तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुलाला आपल्याकडे असा एखादा सम्राट हवा होता.

वडगावची_लेक

@जुनी_पाने, छान लिहिलंय, पण नॉर्टनने प्लॉट विकायला काढला नव्हता ना.

जुनी_पाने

नाही. विकायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. तुमच्या चुलतभावाला हेच सांगा. "असू दे की" हे ज्याच्याजवळ घालवण्यासारखं काही नाही त्याच्यापुरतं ठीक. इथे बायकोपोरं आहेत, घर आहे.

कोर्टकचेरी

प्लॉटचं आधी बघा, बाकी चर्चा नंतर.

भारतीय करार कायदा १८७२, कलम १२. करार करताना ज्याला तो समजत नाही आणि आपल्या हिताचं काय हे तारतम्याने ठरवता येत नाही, तो करार करायला पात्र नाही. एरवी शहाणा पण मध्येच भान जाणारा माणूस भान नसताना करार करू शकत नाही, भानावर असताना करू शकतो. म्हणजे आजार आहे एवढ्याने भागत नाही, त्या दिवशीची अवस्था दाखवावी लागते आणि सिद्ध करायचा भार तुमच्यावर. म्हणून तारीख असलेला कागद हवा. ओपीडीची चिठ्ठी लवकरात लवकर झाली तर तिचं वजन आहे. सहा महिन्यांनी आणलेल्या दाखल्याला समोरचा वकील हसतो.

इसार देणाऱ्याला वकिलामार्फत लेखी कळवा की काका आजारी आहेत आणि व्यवहार मान्य नाही. इसाराची रक्कम काकूने वेगळी ठेवावी, खर्चू नये. मूळ खरेदीपत्र आणि आरटीसीचे (कर्नाटकातला सातबारा) उतारे घरातून हलवा. रजिस्टर झाल्यावर भांडायला वर्षं जातात.

आणि कोणी दोरीने बांधा, खोलीत कोंडा असं सुचवलं तर ऐकू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ ने साखळदंड कोणत्याही स्वरूपात बंद केलेत. तयार नसलेल्या माणसाला दाखल करायची रीत त्याच कायद्यात आहे, कलम ८९. नामनिर्देशित प्रतिनिधी, बहुतेक वेळा घरचाच माणूस, अर्ज करतो. दोन तज्ज्ञ वेगवेगळे तपासतात, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत ३० दिवसांपर्यंत.

माहेर_सौंदत्ती

आजींना कोणी हसू नका. मी यल्लम्माच्या डोंगराखालीच वाढले, वारं आलेल्या बायका लहानपणापासून बघतेय. त्याला वेळ असते, जागा असते. पौर्णिमेला, चौंडक्याच्या तालावर येतं आणि जातं. भंडारा लावला, पाणी पाजलं की ती बाई उठून भाकऱ्या थापायला लागते. आजूबाजूच्या सगळ्यांना ते काय आहे ते ठाऊक असतं. काकांचं वारं दिवसरात्र उतरत नाही, आणि त्या खुणा त्यांच्याशिवाय कोणालाच दिसत नाहीत. आजींना असं सांगून बघा, त्यांना पटेल. त्या ह्या फरकाच्या आपल्यापेक्षा जास्त जाणकार आहेत.

दर्शनाला जायचं तर जा, पण गोळी चालू झाल्यावर. आणि गर्दीच्या पौर्णिमेला तर नकोच नको. न झोपलेला माणूस त्या गर्दीत कुठे नेईल सांगता येत नाही.

रात्रपाळी

@माहेर_सौंदत्ती, हे आमच्या पुस्तकातही असंच आहे, फक्त इतकं सरळ नाही. समाजात सगळे मानतात ती श्रद्धा भ्रमात धरत नाहीत.

अनगोळचा_मास्तर

मला अजून एक खटकतं. स्वतःबद्दल थोडी मोठी समजूत तर प्रत्येकाला असते. मोठी कामं करणाऱ्यांना ती असावीच लागते. उद्या कोणीही डोक्याबाहेरचं काही बोलला की तुम्ही गोळी देणार?

हिंडलगा_रोड

मास्तर, पहिलं वाक्य मान्य. १९८१ मध्ये ओला स्वेन्सनने गाडी चालवणाऱ्यांना विचारलं होतं, तुमचं कौशल्य इतरांच्या तुलनेत कितपत? त्याच्या अमेरिकन गटातल्या ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं, स्वीडिश गटातल्या ६९ टक्क्यांनी. कोल्हापूर रस्त्यावर यमगर्णीच्या आसपास विचारलं तर शंभरच्या वर जाईल. पण त्यातल्या एखाद्याची गाडी दुभाजकावर चढली की तो पुढचे काही दिवस तरी हळू चालवतो. जगाने मारलेला धक्का त्याला लागतो. आणि मोठी कामं करणाऱ्याभोवती माणसं जमतात, चुका दाखवतात, बेत बदलतो. काकांचा बेत कशानेच बदलत नाही, उलट प्रत्येक अडचण त्यांच्या महत्त्वाचा नवा पुरावा होते.

निपाणीचा_वखारवाला

बरेच दिवस फक्त वाचत होतो. आता लिहितो.

मला बायपोलर आहे. पहिल्या खेपेला माझी खात्री होती की देशातल्या तंबाखूचा दर माझ्या फोनच्या रिंगवर ठरतो. तीनदा वाजला तर तेजी, दोनदा वाजला तर मंदी. हसा खुशाल, मीही आता हसतो. पण हे आलं कुठून ते बघा. आमच्या घरात १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या गोष्टी जेवताना निघायच्या. रास्ता रोको, गोळीबार, दराची लढाई. डोकं पेटलं तेव्हा त्याने घरातलंच सरपण घेतलं. वडगावच्या माणसाला सीमाखटला मिळाला, मला तंबाखू मिळाली. मुंबईत जन्मलो असतो तर शेअर बाजार चालवला असता. म्हणून काका काय बोलतात त्याचा अर्थ लावत बसू नका. त्याच्या आधी झोप गेलीय, तिथे पकडा.

आतून कसं असतं ते सांगतो. आपल्याला भास होतोय असं अजिबात वाटत नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदा सगळं लख्ख दिसतंय असं वाटतं. अक्कोळ नाक्यावरच्या पाट्यांचा एकमेकींशी संबंध लागतो. अनोळखी माणूस खोकला तरी तो आपल्याला उद्देशून. आणि मजा येते, हे कोणी कबूल करत नाही. एरवी वखारीत पोती मोजणारा मी, त्या दिवसांत दिल्लीला हवा होतो. माझ्या बायकोला वाटायचं औषध दिलं की मी सुटेन. मला वाटायचं ही माझं राज्य काढून घेतेय. दोन्ही खरं होतं.

मी दवाखान्यात कसा गेलो? माझ्या मेहुण्याने एक शब्दही तंबाखूबद्दल काढला नाही. म्हणाला, "दाजी, तुमचे डोळे लाल झालेत, पाय दुखतात म्हणालात. एवढी मोठी कामं अंगावर आहेत, झोप नको का? झोपेचं औषध तरी घेऊन येऊ." ते मला पटलं, कारण ते खरंच होतं. मी थकलो होतोच.

मंत्र्यांना भेटायला नेतो असं सांगून गाडीत घालू नका. माझ्या एका नातेवाइकाने तसं केलं होतं. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली आणि मला कळलं की कट खरा आहे, घरचेही सामील आहेत. त्या माणसाच्या हातचं पाणीही मी बरेच दिवस प्यालो नाही.

काकती_क्रॉस

@निपाणीचा_वखारवाला 🙏 बाकी काही लिहायचं सुचत नाही.

वडगावची_लेक

वखारवाले दादा, तुमची पोस्ट काकूला वाचून दाखवली. ती म्हणाली, झोपेबद्दल तेच स्वतः कुरकुरतात, डोकं भणाणतं म्हणतात. तिथूनच सुरुवात करतो. आता कुठे न्यायचं? धारवाड की कोल्हापूर-मिरज? आमचे पाहुणे मिरजेचं नाव घेतात.

रात्रपाळी

पहिल्या तपासणीला इतकं लांब जायची गरज नाही. बेळगावात बिम्सच्या (सरकारी मेडिकल कॉलेज) जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, मेडिकल कॉलेजची आणि खाजगी रुग्णालयंही आहेत. खानापूर, हुक्केरी, चिक्कोडीकडच्या वाचकांसाठी: तालुका रुग्णालयात सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात, जाण्याआधी फोन करून विचारा. दाखल करायची वेळ आली किंवा गुंतागुंत असली तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे तिथलं सरकारी मनोरुग्णालय. पलीकडे महाराष्ट्रात जायचं तर जा, फक्त कर्नाटकातलं आरोग्य कार्ड तिथे चालेल असं गृहीत धरू नका. आणि हा आजार वर्षानुवर्षं बघावा लागतो. महिन्याला जिथे जाणं जमेल ते रुग्णालय बरं.

रात्री-अपरात्री अडलात तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, भाषा निवडता येते.

डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर घाबरू नका, पण सोबत दोन्ही भाषा नीट येणारं घरचं माणूस असू द्या. काकांना दुभाषा करू नका. ते स्वतःची बाजू फार छान मांडतील, मॅनियातला माणूस पहिली दहा मिनिटं भल्याभल्यांना गुंडाळतो. झोपेचे तास, खर्च, इसार आणि ती जुनी उदासी कागदावर तारखांसह लिहून न्या.

कोर्टकचेरी

तो कागद दोन प्रतीत करा. एक माझ्या कामाची.

वडगावची_लेक

गेलो. आले ते सरळ. गाडीत सगळा वेळ बोलत होते, पण आले. दाखल करून घेतलं. सुरुवातीला झोपेचं आणि डोकं शांत करायचं औषध दिलं, किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या केल्या आणि आता लिथियम चालू केलंय. रात्री सहा तास झोपले म्हणे. खटला अजून त्यांच्याच सहीसाठी अडलाय, पण काल म्हणाले, "तारीख पुढे गेली वाटतं."

प्लॉटवाल्याला नोटीस गेली. माणूस कुरकुरला पण इसार परत घ्यायला तयार झालाय.

चुलतभावाने नेटवर वाचलं, लिथियम म्हणजे बॅटरीतलं, विष आहे. तो घाबरलाय.

निपाणीचा_वखारवाला

बॅटरीतलंच मूलद्रव्य, पण क्षार वेगळा. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने मॅनियावर ते दिलं, तेव्हापासून चालू आहे. मी कित्येक वर्षं घेतोय आणि वखार बघतोय. जपायचं ते पाण्याला. उन्हाळ्यात घाम गेला, जुलाब लागले, उपास धरला की रक्तातलं प्रमाण चढतं. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घ्यायची नाही. मीठ एकदम तोडायचं नाही. हात जास्त थरथरले, तोल जायला लागला, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि बरे झाल्यावर एक होईल. त्यांना सगळं आठवेल. वडगावातल्या कोणाकोणाला काय बोललो, कुठे फेट्याचं माप दिलं, सगळं. मी तेव्हा वखारीत जायला लाजत होतो, तंबाखूची तेजी विचारून पोरं डिवचायची. घरातल्या लग्नात कोणी "मुख्यमंत्रीसाहेब" म्हणून हाक मारणार असेल तर त्याला आत्ताच दम भरून ठेवा. मॅनियानंतर पुन्हा उदासी येऊ शकते, तिच्यावर लक्ष ठेवा. तेव्हा "धंद्याचं टेन्शन" म्हणून सोडू नका.

अनगोळचा_मास्तर

वेबसाइटचा सल्ला मागे. वाचतोय.

वडगावची_लेक

एक शेवटचं. लिथियमची रक्ततपासणी सोमवारी सांगितलीय. उपाशीपोटी न्यायचं का? सकाळची गोळी देऊन की न देता? वॉर्डात दोघांनी दोन सांगितलं.

रात्रपाळी

उपाशी असायची गरज नाही. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त काढतात. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला नमुना, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. गोळी किती वाजता घेतली ते फॉर्मवर लिहायला सांगा.